जांभळ्या टिकलीची पुस्तके

सोमवार, ४ जुलै २०२२, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. या वेळेची माझ्या नोंदवहीतली पहिली नोंद अशी आहे : इयत्ता सातवी, हजेरी क्रमांक एक, एका मिनिटात एकतीस शब्द, अडखळणे अकरा. त्याखाली पेन्सिलीने लिहिले आहे, ‘वारा फार. कागदावर ठेवायला दगड आणणे.’

नोकरीच्या आठवणी निवृत्तांनी लिहायच्या असतात, असा दिवाळी अंकांचा रिवाज आहे. मी तिशीही ओलांडलेली नाही आणि ज्या नोकरीविषयी लिहिते आहे ती अवघ्या एका शैक्षणिक वर्षाची होती. तरीही पुण्यातल्या वातानुकूलित खोलीत संगणकासमोर बसले असताना मला अजून ती नोंदवही, तो दगड आणि घनसावंगी तालुक्यातल्या त्या शाळेचा व्हरांडा आठवतो. काम फार मोठे नव्हते, पण त्या वर्षात मी जे शिकले ते एम.एस्सी.च्या दोन वर्षांत शिकले नव्हते.

काम काय होते, ते आधी सांगायला हवे. एका संस्थेने जिल्हा परिषदेच्या अकरा शाळांना गोष्टींची पुस्तके दिली होती. प्रत्येक मुलाला त्याला पेलेल असेच पुस्तक मिळावे, ही जबाबदारी माझी. त्यासाठी दोन मोजमापे करावी लागत : पुस्तकाचे आणि मुलाचे. पुस्तकाचे मोजमाप मी घरी बसून करी. शंभर शब्दांत जोडाक्षरे किती, एका वाक्यात सरासरी शब्द किती, आणि एकेका शब्दाला किती प्रत्यय चिकटले आहेत. ‘घर’ हा एक शब्द, तसा ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ हाही एकच शब्द. पण पहिला वाचणारे मूल दुसऱ्याच्या मध्यावर पोचेपर्यंत सुरुवात विसरलेले असते. या हिशेबाने पुस्तकांच्या पाच पातळ्या पाडून मी त्यांच्या पाठीवर गोल रंगीत कागद चिकटवले. हिरवा सर्वांत सोपा, मग पिवळा, केशरी, निळा आणि सर्वांत कठीण जांभळा. मुलांनी त्या गोल कागदांना पहिल्याच दिवशी ‘टिकली’ म्हटले आणि तेच नाव रूढ झाले.

मुलाचे मोजमाप समोरासमोर होई. मूल एक उतारा मोठ्याने वाची, मी घड्याळ लावी आणि अडखळणे मोजी. शंभर शब्दांत पाचपर्यंत अडखळले तर त्या पातळीचे पुस्तक त्याने एकट्याने वाचावे, दहापर्यंत अडखळले तर शिक्षकांच्या मदतीने, त्याहून जास्त असेल तर ते पुस्तक बाजूला ठेवावे. नियम साधा आहे. गावात मात्र तो कुणाला साधा वाटला नाही. एक आजोबा कुंभार पिंपळगावचा बाजार करून परतताना हातात पिशव्या घेऊन थेट शाळेत आले.

“मॅडम, आमच्या नातवाला हिरवी टिकली कामून? शेजारच्याच्या पोराला निळी हाय.”

मी पाच मिनिटे समजावले. अवघड पुस्तक दिले तर मूल वाचनालाच कंटाळते, सोपे दिले तर चढत जाते. आजोबांनी मान डोलावत सगळे ऐकून घेतले.

“बराबर हाय तुमचं. पुस्तक हिरवंच राहू द्या. टिकली तेवढी निळी मारा. गल्लीत इज्जतीचा सवाल हाय.”

मी नकार दिला. तो देताना मला जो अभिमान वाटला होता, त्याची आज गंमत वाटते.

आता त्या जुलैतल्या सोमवाराकडे वळते. सातवीच्या वर्गात एकवीस मुले होती, बारा मुलगे आणि नऊ मुली. वर्गशिक्षक खरात सर निवृत्तीला चार वर्षे उरलेले, आवाज असा की त्यांना घंटेची गरज नव्हती. पोषण आहाराच्या तांदळाची पोती ठेवलेली एक खोली त्यांनी मला अर्धी रिकामी करून दिली. खोलीच्या खिडकीला गज होते, झडपा नव्हत्या. खिडकीबाहेरच्या व्हरांड्यात सरांनी मुलांना हजेरीच्या क्रमाने ओळीत बसवले आणि एकेकाला आत पाठवायला सुरुवात केली.

संस्थेच्या पुस्तिकेत लिहिले होते की तीन वेगवेगळे उतारे आलटून पालटून वापरावेत. मी संख्याशास्त्राची विद्यार्थिनी. तीन उतारे म्हणजे तीन वेगळ्या मोजपट्ट्या, मग तुलना कशी करायची? सर्वांना एकच उतारा दिला तरच आकडे एकमेकांशेजारी ठेवता येतील, असे मी ठरवले. अकराही शाळांत मी एकच उतारा वापरला आणि पुस्तिकेपेक्षा आपण अधिक शास्त्रशुद्ध काम करतो आहोत, याचे समाधान मानले.

निकाल चकित करणारा होता. मुलींनी मुलग्यांना फार मागे टाकले होते. सातवीतली शेवटून दुसरी मुलगी, निकिता, हिने मिनिटाला शहाण्णव शब्द वाचले. अडखळणे शून्य. शब्दांखालून तिचे बोट तंतोतंत त्याच वेगाने सरकत होते. मी तिला जांभळी टिकली दिली. दुसऱ्या महिन्यात परिसरातल्या शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत मी या निकालाचा आलेख दाखवला, शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. पुण्यातल्या माझ्या वरिष्ठ मॅडमनी अहवालाची प्रशंसा केली. खरात सर परिषदेहून परतताना माझ्या स्कूटीमागून मोटारसायकल चालवत ओरडत होते, “मॅडम, म्या म्हन्लं न्हवतं का, आमच्या पोरी हुशारच हैत!”

निकालानुसार वाचनवर्ग ठरला. आठवड्यातून दोन दिवस, दुपारच्या जेवणानंतर तासभर, कच्च्या वाचकांसाठी, जागा बारा. त्या बारांत एकही मुलगी नव्हती.

निकिता दर गुरुवारी पुस्तक परत आणी. वर्तमानपत्राचे कव्हर घातलेले, एकही पान न दुमडलेले. मी गोष्टीवर प्रश्न विचारी तेव्हा सर्वांत नेमकी उत्तरे तिची असत. मधल्या सुट्टीत चौथी-पाचवीच्या मुलींचे कोंडाळे जमवून ती त्याच गोष्टी सांगे, त्यातल्या म्हाताऱ्याचा खोकला आणि रेड्याचे हंबरणे यांसकट. माझ्या वहीत तिच्या नावापुढे ‘उत्कृष्ट’ असा शेरा होता.

डिसेंबरच्या शेवटी मी वर्षाच्या मध्याचा अहवाल करत होते. एरवी मी आकडे मुलगे आणि मुली अशा दोन गटांत मांडत असे. त्या दिवशी घाईत ते मूळ क्रमानेच, हजेरीच्या क्रमाने, आलेखावर उतरवले. पडद्यावर जिना दिसला. पहिल्या क्रमांकाचे एकतीस शब्द, चौथ्याचे बेचाळीस, नवव्याचे साठ, बाराव्याचे एकाहत्तर. मुलग्यांमध्येसुद्धा आकडे चढतच होते. तेराव्या क्रमांकापासून मुली सुरू होत होत्या आणि जिना तिथे न तुटता तसाच वर जात होता. मी दुसऱ्या शाळेचे आकडे काढले, तिथेही जिना. तिसरीकडेही.

आपल्याकडच्या हजेरीत आधी मुलग्यांची नावे असतात, मग मुलींची. मी स्वतः दहा वर्षे अशाच हजेरीत सदतिसावी होते आणि तरीही मला ते दिसले नव्हते. मी मोजला तो मुलगा-मुलगी हा फरक नव्हताच. खिडकीखाली कोण किती वेळ बसले, ते मी मोजले होते.

सोमवार, ९ जानेवारीला मी तीन नवे उतारे घेऊन गेले आणि सरांना सांगितले, “आज शेवटच्या क्रमांकापासून. बाकीची मुले मैदानाच्या पलीकडे, लिंबाखाली.”

“आता काय नवीन काढलं मॅडम?” सरांनी विचारले, पण माझा चेहरा पाहून ते मुलांना लिंबाखाली घेऊन गेले.

शेवटचा क्रमांक यास्मीनचा. ती निकिताची जिवलग मैत्रीण. तिने नवा उतारा ठीक वाचला, निळ्या पातळीचा. मी तिला सरळ विचारले, “जुलैमध्ये तुम्ही बाहेर बसून उतारा ऐकत होता का?”

“झूट कशाला बोलू मॅडम? तुम्ही समद्यांला एकच धडा वाचायला लावून राह्यल्त्या. बारा पोरं होईस्तवर आम्हाला बिलकुल याद झाल्ता. निकिताला तर कोन पोरगं कुठं अडलं ते बी पाठ हाय. आज बी सांगंल.”

“मग ती पुस्तके कशी वाचते?”

यास्मीन खिडकीबाहेर बघू लागली. “मी वाचते, ती ऐकते. एकदाच ऐकते.”

निकिता आत आली. वेणीला लाल रिबीन, हातावर पेनाने काढलेले घड्याळ. कागद हातात घेऊन तिने पहिल्या ओळीवर बोट ठेवले आणि थांबली.

“मॅडम, ह्यो येगळा हाय.”

“हो. वाच, जमेल तसे.”

एका मिनिटात नऊ शब्द. त्यातले पाच चुकले. घड्याळ वाजल्यावरही तिचे बोट त्याच ओळीवर होते. रडू आवरून ती हळू आवाजात म्हणाली, “मॅडम, जांभळी टिकली काढू नका.”

“का गं?”

“दादांनी बोलल्यालं हाय. वाचायला चांगलं येत असंल तर आठवीला पिंपळगावला धाडतो, न्हाई तर घरी राहून बागंत काम. टिकली बघून त्यांनी समद्या भावकीत सांगितलं, पोरगी पुढं शिकनार म्हून. आता हिरवी दिसली तर संपलंच मंग.”

दादा म्हणजे तिचे वडील, दगडूभाऊ. दीड एकर मोसंबी आणि घरात चार माणसे. सातवीपुढची शाळा सात किलोमीटरवर. त्या वर्गातल्या सर्वांत हुशार मुलीला वाचता येत नव्हते. ते शिकवायचा जो एक तास माझ्याकडे होता, त्यातून सहा महिने मीच तिला बाहेर ठेवले होते. एप्रिलअखेरपर्यंत पंधरा आठवडे उरले होते.

त्याच दुपारी मी वरिष्ठ मॅडमना कळवले की मुलींच्या वाचनाविषयीचा निष्कर्ष चुकीचा आहे, तो मागे घ्यावा. “इतक्यात घाई नको, वर्ष संपल्यावर बघू,” त्या म्हणाल्या. पुढच्या शिक्षण परिषदेत मीच उभी राहिले आणि तो जिना सर्वांना दाखवला. टाळ्या अर्थातच नव्हत्या. मागच्या बाकावरून एका गुरुजींनी विचारले, “म्हन्जे आमच्या पोरी ढ का, मॅडम?” मी म्हणाले, “नाही सर. म्हणजे आपल्याला अजून काहीच माहीत नाही.” ते वाक्य उच्चारायला मला जितके जड गेले, तितके नंतर कोणत्याही परिसंवादात गेले नाही.

निकितासाठी पुस्तक शोधणे हे माझ्या नोकरीतले सर्वांत अवघड काम ठरले. तिची पातळी हिरवी, वय तेरा. हिरव्या पुस्तकांत ससे आणि चेंडू. ती उघडली की तिचा चेहरा पडे. शिवाय शाळेतली प्रत्येक हिरवी गोष्ट तिने कधी ना कधी ऐकली होती, आणि ऐकलेले ती वाचत नसे, आठवत असे. तेव्हा मजकूर मोठ्या माणसांचा हवा, अक्षरे लहान मुलांची हवीत, आणि तो जगात कुणीही आधी मोठ्याने वाचलेला नसावा. असे पुस्तक कुठल्याच पेटीत नव्हते.

मी हे खरात सरांना सांगितले. त्यांनी चष्मा पुसला. “मंग आपुनच लिहू. माझ्या लहानपनीच्या भानगडी कुनाला म्हाईत न्हाईत. बायकोला बी न्हाईत.”

अट मी घातली : जोडाक्षर नको, वाक्यात पाचापेक्षा जास्त शब्द नकोत.

“मॅडम, गोष्ट मास्तरची हाय अन् ‘मास्तर’ लिहायचं न्हाई, ही कुठली शिक्षा?”

“‘मोठे सर’ लिहा.”

त्यांनी लिहिलेला पहिला कागद माझ्याकडे अजून आहे. ‘मी सातवीत होतो. एक दिवस शाळेला दांडी मारली. बाबांची सायकल घेतली. थेट वाटूर गाठले. तिथे एक माणूस भेटला. मी घाबरलो. ते आमचे मोठे सर होते. तेही दांडी मारून आले होते.’

तो कागद मी पुठ्ठ्यात शिवला आणि वर जांभळी टिकली लावली. पाच पातळ्यांची माझी सगळी व्यवस्था त्या एका टिकलीने खोटी पाडली होती, हे मला माहीत होते. मला तेव्हा पिशव्या घेऊन आलेले आजोबा आठवले आणि त्यांना मनातल्या मनात नमस्कार करावासा वाटला.

तो कागद उलगडायला निकिताला चाळीस मिनिटे लागली. शेवटच्या वाक्यापाशी ती थांबली, पुन्हा मागे गेली, पुन्हा वाचले, आणि एकदम फिस्सकन हसली. मग दाराआडून सरांकडे पाहून तोंडावर हात ठेवला. यास्मीनने तिला दिवसभर छळले. “मला सांग ना गं, काय हाय त्यात?” निकिता म्हणाली, “न्हाई. मॅडमनी कसम घातली. तुला पाह्यजे तर तू वाच.” मागच्या सहा महिन्यांत या दोघींमध्ये असे वाक्य कधी झाले नव्हते.

वाचनवर्गाच्या जागा मी वीस केल्या. पंधरा आठवड्यांत निकितासाठी तीस मजकूर तयार झाले, एकोणीस सरांचे आणि अकरा माझे. माझ्या मजकुरांना ती ‘बरं हाय’ म्हणे, सरांच्या मजकुरांची वाट पाही. सर दर वेळी मला नवा कागद देताना शिकाऊ लेखकासारखे उभे राहत. “बघा, एक बी जोडाक्षर न्हाई,” आणि मी तिसऱ्या ओळीतले दाखवले की कपाळावर हात मारत. जानेवारी-फेब्रुवारीत मोसंबीचा बहार फुलतो. शाळेमागच्या बागेतून तो वास खिडकीतून आत येई. तांदळाच्या पोत्याला टेकून निकिता अक्षरे जोडत बसे, आणि मी घड्याळ हातात असूनही ते लावायचे विसरत असे. आज संगणक एका क्षणात हजार पानांतली जोडाक्षरे मोजून देतो. त्या खोलीतली संथ दुपार त्याच्याकडून मिळत नाही.

एक खंत इथेच नोंदवते. अकरा शाळांपैकी चारच शाळांत मला फेरतपासणी करता आली, मग प्रकल्पाची मुदत संपली. उरलेल्या सात शाळांत किती मुली खिडकीखाली ऐकलेल्या शब्दांवर जांभळ्या ठरल्या आणि तशाच पुढे गेल्या, हे मला माहीत नाही.

शुक्रवार, २८ एप्रिल २०२३ हा माझा शेवटचा दिवस. निकिताची अखेरची तपासणी मी सकाळी ठेवली होती. केशरी पातळीचा नवा उतारा निवडला होता, म्हणजे तिच्या इयत्तेच्या बराच खाली, पण जानेवारीच्या दोन पायऱ्या वर. आम्ही बसतो न बसतो तोच दारात दगडूभाऊ उभे राहिले. डोक्याला उपरणे, पायाला बागेतला चिखल.

“रामराम मॅडम. दाखला न्यायचा का न्हाई, ते बघाया आलो. पोरगी काय वाचती ते ऐकू का जरा?”

मी खरात सरांकडे पाहिले, त्यांनी जमिनीकडे. नको म्हणायला काही कारण नव्हते. दगडूभाऊ चौकटीला पाठ टेकून उकिडवे बसले. निकिताने कागद दोन्ही हातांनी धरला. मी घड्याळ लावले.

पहिले वाक्य नीट गेले. दुसऱ्यात ती ‘रस्त्यावरच्या’ या शब्दापाशी अडली, मागे गेली, पुन्हा चढली. मी दगडूभाऊंकडे बघायचे टाळत होते. जुलैमध्ये या मुलीने कुठेही न थांबता धडाधडा वाचले होते, घरीही यास्मीनकडून ऐकलेली पुस्तके तशीच म्हणून दाखवली असणार. आता तिचा बाप तिला अडखळताना ऐकत होता. पुन्हा एकदा ती थांबली. ओठ हलले, बोट परत शब्दाच्या सुरुवातीला आले, आणि शब्द सुटला. मिनिट संपले. तिने कागद खाली ठेवला आणि बापाकडे न बघता रिबिनीचे टोक पिळू लागली.

दगडूभाऊ उकिडवेच थोडे पुढे सरकले. मग मला म्हणाले, “मॅडम, मला वाचता येत न्हाई. पर आमच्या आळीत पोथी लावत्यात. म्हातारं पान उलटून राह्यतं अन् डोळे मिटल्याले असत्यात. समदं पाठ. कुठं अडत न्हाई ते.” ते निकिताकडे वळले. “तू मागं अशीच म्हनत होतीस घरी. मला शंका आल्ती, म्या बोललो न्हाई. म्हन्लं टिकली हाय, सरकारी असंल.”

निकिताने मान वर केली.

“आज अडलीस,” ते म्हणाले. “म्हन्जे कागदावरचं बघून राह्यलीस.” ते गुडघ्यावर हात ठेवून उठले. “सर, दाखला लिहा. पिंपळगावचा.”

खरात सरांनी कपाट उघडण्यासाठी तिन्ही चुकीच्या किल्ल्या लावून पाहिल्या. यास्मीन मैदानातून ओरडत होती, “झालं का गं? किती आले?” मी पेन उघडले आणि नोंदवहीतल्या शेवटच्या रकान्यात लिहिले : एका मिनिटात शेहेचाळीस शब्द, अडखळणे चार.